किल्ली कुणाकडे

घरातलं सामान काही वर्षांसाठी भाड्याच्या गोदामात ठेवायचं होतं. त्याची यादी करायला आलेला मुलगा पंचविशीचा असेल. चपला दाराबाहेर काढून आत आला, टॅब उघडला आणि हॉलपासून सुरुवात केली. सोफा, शोकेस, टीपॉय, झोपाळा. झोपाळ्याच्या कड्या पितळी आहेत का, हेही त्याने विचारून घेतलं. आई त्याच्या मागोमाग प्रत्येक खोलीत. आतल्या खोलीतल्या कपाटावर एक पत्र्याची पेटी असते. तिच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "आजी, यात काय आहे?" आई म्हणाली, "गौरी." तो घुटमळला, म्हणून तिने पुढे सांगितलं, "मुखवटे आहेत. शाडूचे. माझ्या सासूबाईंचे." त्याने 'सजावटीचं सामान, बॉक्स एक, नाजूक' अशी नोंद केली. मग आईने विचारलं, "हे भाद्रपदात लागतील. तेव्हा कसे मिळतील?" त्याने घाई न करता, नीट समजावून सांगितलं. ॲपवर मागणी नोंदवायची, निदान दोन दिवस आधी. बॉक्सचा नंबर टाकायचा. रॅकवरून काढून घरी पोचवायचे पैसे वेगळे, सण झाल्यावर परत न्यायचे पुन्हा वेगळे. "आणि मीच तिथे आले तर?" "आत नाही सोडत आजी. माल उंचावर असतो, मशीनने काढावा लागतो. तुम्ही कशाला त्रास घेताय, आम्ही घरपोच देतो ना." आई "बरं" म्हणाली आणि त्याच्यासाठी चहा टाकायला गेली.

ते "बरं" माझ्या मनातून जाईना.

कोथरूडमधली आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार, म्हणजे पाडून नव्याने बांधली जाणार, हे ठरून तोवर बराच काळ लोटला होता. १९८०च्या दशकातल्या त्या भागातल्या इमारती जशा असतात तशीच आमची: तीन मजले, लिफ्ट नाही, जिन्यात शहाबादी फरशी, प्रत्येक गॅलरीत एक तुळस आणि एक वाळत घातलेला पंचा. कमिटीने खरोखर कष्ट घेतले. ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयाप्रमाणे सगळ्या सभा झाल्या, निबंधक कार्यालयाचा माणूस आला, व्हिडिओ शूटिंग झालं, एकही पायरी गाळली नाही. करारात छत्तीस महिन्यांच्या भाड्यावर कलम आहे, घर हलवायच्या खर्चावर आहे, कॉर्पसवर, म्हणजे बिल्डरने द्यायच्या एकरकमी निधीवर आहे, पार्किंगवर तर पानंच्या पानं आहेत. चाळीस वर्षांच्या सामानाचं तीन वर्षं काय करायचं, यावर एक ओळ नाही. ती असायला हवी होती, असं माझं आता ठाम मत आहे. कारण बिल्डरच्या भाड्यात मिळतं ते घर लहान असतं. आजूबाजूच्या सगळ्याच सोसायट्या एकाच वेळी पाडल्या जाताहेत, सगळीच माणसं त्याच चार गल्ल्यांत घर शोधताहेत, आणि भाडी चढताहेत. शिवाय लिव्ह अँड लायसन्सचा करार बहुतेक मालक अकरा महिन्यांचाच करतात. म्हणजे ऐंशीला टेकलेल्या बाईने या तीन वर्षांत पुन्हा घर हलवायची तयारी ठेवायची. प्रत्येक वेळी शोकेस, झोपाळा, सागवानी कपाट जिन्यातून उतरवायचं आणि दुसऱ्या जिन्यातून चढवायचं. सामान कुठेतरी एका जागी स्थिर ठेवणं भाग होतं.

माझा भाऊ बंगळुरूला असतो. त्याने फोनवर पहिल्याच दिवशी हिशोब मांडला. तीन वर्षं जागेचं भाडं, त्यावर १८ टक्के जीएसटी, नेण्या-आणण्याचा खर्च. "एवढ्यात नवं फर्निचर येईल. द्या टाकून." त्याचा हिशोब बरोबर होता. सोफ्यापुरता, प्लायवूडच्या वॉर्डरोबपुरता, टीव्हीच्या स्टँडपुरता तर अगदी बरोबर होता, आणि त्या वस्तू आम्ही खरंच देऊन टाकल्या. दुकानात जाऊन पुन्हा आणता येईल अशी वस्तू भाड्याच्या जागेत सांभाळण्यात अर्थ नाही, हे मी कुणालाही सांगेन. पण आईच्या घरातलं निम्मं सामान दुकानात मिळणारं नव्हतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ते अडगळीतलंही नव्हतं.

आमच्या घराला दोन माळे होते, एक न्हाणीघरावर आणि एक मधल्या बोळावर. बाबा होते तोवर माळ्यावर चढायचं काम त्यांचं. लाकडी स्टूल, त्यावर ते, खाली स्टूल धरून मी किंवा भाऊ, आणि थोडी मागे उभी राहून सूचना देणारी आई. माळ्याचं दार उघडलं की आधी वास यायचा: सुकी धूळ, डांबराच्या गोळ्या, जुन्या वर्तमानपत्रांचा आंबूस कागद, आणि मधूनच वेखंड. बाबा दिवा लावायचे नाहीत. हाताने चाचपून त्यांना कळायचं काय कुठे आहे. फाल्गुन संपत आला की कुरडयांचा सोऱ्या आणि वाळवणाचे प्लास्टिकचे कागद खाली यायचे. मे महिन्यात सुटकेस. जूनच्या पहिल्या आठवड्यात छत्र्या आणि रेनकोट, गेल्या वर्षीच्या पावसाचा कुबट वास घेऊन. श्रावणात चौरंग. भाद्रपदात गौरींचे लोखंडी स्टँड, पत्र्याच्या कोठ्या, मखराचे थर्माकोल आणि, थर्माकोल गेल्यावर, पुठ्ठ्याचे खांब. मग परडी, आकाशकंदील, किल्ल्यावरचे मावळे. थंडी पडली की रजया. संक्रांतीला हलव्याच्या दागिन्यांचा डबा, जो आमची मुलं मोठी झाल्यावरही दरवर्षी खाली यायचा, उघडला जायचा, मुंग्या लागल्या नाहीत ना ते पाहून परत वर जायचा. वर्षभर त्या माळ्यावरून काही ना काही उतरत असे आणि काही ना काही चढत असे. त्यामुळे प्रत्येक वस्तूला वर्षातून एकदा तरी हात लागायचा. पुसली जायची, उन्हात ठेवली जायची, गंजली असेल तर कळायचं, कसर लागली असेल तर दिसायचं. त्या वस्तू जपण्यासाठी म्हणून वेगळं कुणी काही केलेलं मला आठवत नाही. त्या वापरल्या जात होत्या, आणि त्यातच जपल्या जात होत्या.

आईच्या त्या एका प्रश्नात हे सगळं होतं. तिला मुखवटे सुरक्षित राहतील का, हे विचारायचं नव्हतं. तिला तिथे जाता येईल का, हे विचारायचं होतं.

त्या मुलाच्या कंपनीचं गोदाम मी जाऊन पाहिलं. पिरंगुटच्या पुढे, कारखान्यांच्या ओळीत. मला ते आवडलं, हे मोकळेपणाने सांगते. उंच शेड, स्वच्छ काँक्रीट, रॅकच्या रांगा, प्रत्येक पॅलेटवर पारदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एकेक संसार आणि त्यावर एक बारकोड. फोर्कलिफ्ट मागे जाताना वाजणारी पीप पीप सोडली तर शांतता. एका पॅलेटमधून लहान मुलाची तीनचाकी सायकल दिसत होती, दुसऱ्यातून देव्हाऱ्याचा कळस. पेस्ट कंट्रोलच्या तारखा भिंतीवर लिहिलेल्या, आगीची यंत्रणा जागोजागी. ज्याची परदेशात दोन वर्षांसाठी बदली झाली आहे आणि ज्याला मधल्या काळात चमचाही लागणार नाही, त्याच्यासाठी याहून चांगली सोय नाही. कायदाही अशा ठिकाणी आपल्या बाजूचा असतो. आपण माल दुसऱ्याच्या ताब्यात देतो, तेव्हा भारतीय करार कायदा, १८७२ लागू होतो. त्याचं १५१वं कलम सांगतं की, सांभाळणाऱ्याने त्या मालाची तेवढीच काळजी घ्यायची, जेवढी एखादा सामान्य सुज्ञ माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या मालाची घेईल. किती साधी आणि किती मोठी अपेक्षा आहे ही. परतीच्या वाटेवर मी त्यावरच विचार करत होते. आई शाडूच्या मुखवट्यांची जी काळजी घेते, ती सामान्य सुज्ञ माणसाच्या काळजीत बसते का? ती मुखवटे काढते, मऊ मलमलीने पुसते, नाकाच्या शेंड्याला रंग उडाला आहे का ते उजेडात धरून पाहते, आणि कुणाशी तरी बोलावं तशी हलकेच काहीतरी पुटपुटते. कोणत्याही गोदामाकडून ही अपेक्षा करणं अन्याय होईल. ते काम ज्याचं आहे त्यानेच करायचं, आणि त्यासाठी त्याला आत जाता आलं पाहिजे.

मग मी दुसऱ्या प्रकारच्या जागा पाहू लागले, जिथे छोट्या छोट्या खोल्या असतात, कुलूप आपलं असतं आणि किल्ली आपल्याकडे. अमेरिकेत अशा जागा साठच्या दशकापासून आहेत. माझी मावसबहीण न्यू जर्सीत राहते, तिथे रस्त्याच्या कडेला रंगीत शटरांच्या रांगा मी पाहिल्या होत्या, आणि इतकी मोठमोठी घरं असताना यांना बाहेर आणखी खोली कशाला लागते, असं तेव्हा मनात आलं होतं. आपल्याकडे ही गरज वेगळ्या कारणाने आली. तिथे घरं भरून वाहिली म्हणून, इथे घरंच पाडली जाताहेत म्हणून. पुण्यात मी जिथे जिथे चौकशी केली, तिथे पहिला प्रश्न एकच होता: "रिडेव्हलपमेंट का?"

मोजमापाचं सांगायचं तर दहा बाय पाचच्या खोलीत वन बीएचके कसंबसं मावतं आणि दहा बाय दहामध्ये टू बीएचके. पण हे 'मावणं' म्हणजे जमिनीपासून छतापर्यंत ठासून भरणं. तसं भरलं की किल्ली आपल्याकडे असून उपयोग नाही, कारण मागच्या भिंतीला लागलेली पेटी काढायला पुढचं सगळं बाहेर काढावं लागतं. मला मधून चालता येईल अशी खोली हवी होती. एका बाजूला कपाट आणि उभा झोपाळा, दुसऱ्या बाजूला खोकी, आणि मध्ये माणूस वाकून बसू शकेल एवढी वाट. त्या वाटेचंही भाडं भरावं लागतं, दर चौरस फुटाने. भावाला हे सांगितलं तेव्हा तो गप्प झाला, आणि मग म्हणाला, "वाटेचा भाग माझ्याकडून." त्याच्या हिशोबी स्वभावाच्या आत हे असतं, ते मला माहीत आहे. तरी त्या दिवशी ऐकून गळा दाटला.

पुण्यात जागा निवडताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते, आणि ती कुठल्याही माहितीपत्रकात नसते: पाणी कुठून येईल. आमच्या घरात हा प्रश्न आजीपासून आलेला आहे. आजीचं घर नारायण पेठेत, नदीपासून फार लांब नाही. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, मागोमाग खडकवासला, आणि पाणी पेठांत शिरलं. आमच्या वाड्यात ते पहिल्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत चढलं. खालच्या खोल्यांतला शिसवी पाट, धान्याच्या कणग्या, बिछाने, आजीचं लग्नातलं लुगडं, सगळं गेलं. तांब्याचा बंब गाळात रुतलेला सापडला. मुखवटे वाचले, कारण ते दुसऱ्या मजल्याच्या पोटमाळ्यावर होते. शाडू म्हणजे मातीच. पाण्यात अर्धा तास राहिली असती तर त्या दोघींचे चेहरे पुन्हा गाळ झाले असते. आजी हे सांगताना नेहमी छताकडे बोट करायची, कोथरूडच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावरही. त्यामुळे आईने जागा दाखवणाऱ्या बाईंना पहिला प्रश्न विचारला तो भाड्याचा नव्हता. "ओढा कुठे आहे इथला?" त्या बाई पुण्याच्याच होत्या, त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं नाही. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते इथे सगळ्यांना आठवतं, आणि २५ जुलै २०२४ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं ते तर अगदी अलीकडचं. त्यांनी आम्हाला इमारतीच्या मागे नेऊन नाला दाखवला, तो किती खाली आहे ते दाखवलं, आणि म्हणाल्या, "तरी मावशी, तुम्ही वरचाच मजला घ्या. मालाची लिफ्ट आहे." मला त्या बाई तिथेच पटल्या.

ही जागा वारज्याच्या बाजूला, महामार्गाजवळ. आत लांब बोळ, दोन्हीकडे पत्र्याची शटरं, आपण चालू लागलो की एकेक दिवा पेटत जातो. भिंतींना ताज्या रंगाचा वास, खाली करड्या रंगाची गुळगुळीत जमीन. आईने चालता चालता भिंतीला हात लावून ओल आहे का पाहिली. शटर वर सारलं की आवाज बोळभर घुमतो. खोली रिकामी होती, खिडकी नसलेली, आणि मला क्षणभर नको वाटलं सगळं. चाळीस वर्षांचं घर या चौकोनात? आई मात्र आत गेली, कोपऱ्यात उभी राहून वर बघितलं, छताची उंची डोळ्यांनी मोजली. "कपाट बसेल," म्हणाली. मग त्या बाईंना विचारलं, "गणपतीत उघडं असतं ना?" चतुर्थीच्या दिवशी बंद, एरवी सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. आईने बोटांवर काहीतरी मोजलं. अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात, म्हणजे आवाहनाच्या आधी सामान काढायला सवड मिळते. तिचं समाधान झालं.

करार मी घरी आणून शांतपणे वाचला, आणि कुणीही वाचल्याशिवाय सही करू नये. इथे जागा आपल्याला फक्त वापरायला दिलेली असते, माल ताब्यात घेतलेला नसतो. म्हणजे ते १५१वं कलम इथे आपोआप आपल्या मदतीला येत नाही. किल्ली आपली, तशी जबाबदारीही आपली. भाडं काही महिने थकलं तर कुलूप तोडून माल विकायचा हक्क त्यांना आहे, हेही बारीक अक्षरात होतं. मी भाडं बँकेतून आपोआप वळतं करायची सोय केली आणि भावाचा नंबर दुसरा संपर्क म्हणून दिला. उद्या मी आजारी पडले तर निरोप कुणाला जाईल, हा विचार अशा करारात करावाच लागतो. गॅस सिलिंडर, रॉकेल, इन्व्हर्टरची बॅटरी, धान्य, तेल काहीही ठेवायचं नाही. हे सगळं रास्त आहे. आग आणि उंदीर एका खोलीत आले की शेजारच्या खोलीचं दार वाजवत नाहीत.

विम्याच्या कागदाने मात्र मला अडवून धरलं. प्रत्येक वस्तूसमोर किंमत लिहायची होती. कमी लिहिली तर नुकसानभरपाईही त्याच प्रमाणात कमी होते, म्हणून नीट लिहा, असं त्या बाईंनी बजावलं होतं. शिवणयंत्राची लिहिली. सागवानी कपाटाची एका सुताराला विचारून लिहिली. तांब्या-पितळेच्या भांड्यांची बोहरी आळीत वजनाचा भाव विचारून लिहिली, आणि लिहिताना हात जड झाला. अडकित्त्यापाशी येऊन थांबले. आजोबांचा अडकित्ता, मोराच्या आकाराचा, एक डोळा पडलेला. लहानपणी शाळेच्या सहलीत शुक्रवार पेठेतलं केळकर संग्रहालय पाहिलं होतं. दिनकर केळकरांनी जुन्या घरांतून अडकित्ते, दिवे, फण्या, कुंकवाचे करंडे, वज्री असं सगळं हिंडून जमवलं, अकाली गेलेल्या आपल्या मुलाचं नाव त्या संग्रहाला दिलं, आणि १९७५ साली तो सरकारच्या स्वाधीन केला. तिथल्या काचेआडचा एक अडकित्ता पाहून मी वर्गाच्या बाईंना सांगितलं होतं, "हा आमच्या घरी आहे." बाई हसल्या होत्या. त्या माणसाने घराघरांतलं रोजचं सामान मोलाचं मानलं, आणि म्हणून ते उरलं. माझ्यासमोरच्या रकान्यात मात्र धातूचं वजन गुणिले भाव एवढंच लिहिता येत होतं. मी आईला विचारलं, मुखवट्यांचे किती लिहू? ती म्हणाली, "ते नको लिहूस. त्यांचे पैसे घेऊन मी काय करू?" ती ओळ कोरी राहिली. विम्याच्या दृष्टीने ते मुखवटे त्या खोलीत नाहीतच.

सामान बांधायला आलेली माणसं कामात तरबेज होती. पण सागवानी कपाटाला ती प्लास्टिकचे वेढे घालायला निघाली, तेव्हा आईने त्यांना थांबवलं. पुण्याच्या पावसाळ्यात हवेतच इतकं पाणी असतं की प्लास्टिकच्या आत कोंडलं गेलं तर लाकडाला बुरशी धरते. तिने आपल्या जुन्या सुती साड्या काढल्या. कपाटाला हिरवी इरकल, शिवणयंत्राला फिकट झालेली निळी, आरशाला दोन पदरी पांढरी. साड्यांवर ओळखू येणाऱ्या वर्षांचे डाग होते: हळदीचा, शाईचा, माझ्या मुलाच्या बाळगुटीचा. भांडी चिंचेने घासून, उन्हात कोरडी करून, तेलाचा हात फिरवून ठेवली. चांदीचं ताम्हण वर्तमानपत्रात गुंडाळू दिलं नाही, ते काळं पडतं. यंत्रात तेल सोडलं. फ्रिज पुसून त्याचं दार थोडं उघडं राहील असं मध्ये लाकूड घातलं. पुस्तकांच्या खोक्यांत वेखंडाच्या पुरचुंड्या गेल्या. वेखंड कितीही चांगलं असलं तरी पुठ्ठ्याच्या बांधणीतली खळ कसरीला आवडतेच, म्हणून दर काही महिन्यांनी उघडून बघायचं, असं तिने मला सांगून ठेवलं. मी एका वहीत खोक्यांचे नंबर आणि आतलं सामान लिहिलं. आईने त्या वहीत आपल्या हाताने एक रकाना वाढवला आणि प्रत्येक नंबरापुढे महिना लिहिला. सोऱ्यापुढे फाल्गुन. रजयांपुढे कार्तिक. हलव्याच्या दागिन्यांपुढे पौष. खोकी मग त्या क्रमाने लावली, लवकर लागणारी वाटेच्या बाजूला. जुन्या पुस्तकांपुढे तिने काही लिहिलं नाही, आणि बाबांच्या कपड्यांच्या एका पेटीपुढेही.

त्या पेटीबद्दल आम्ही दोघीही बोललो नाही. ती भिंतीकडे गेली.

पहिल्या भाद्रपदात आम्ही शटर उघडलं तेव्हा बाहेर पाऊस होता आणि आत अजिबात ऐकू येत नव्हता. डांबराच्या गोळ्यांचा, तेलाचा, सुती कापडाचा वास एकदम अंगावर आला, आणि आई म्हणाली, "आपल्या माळ्याचाच वास." खोक्यामागचा पाट ओढून ती वाटेत बसली आणि पेटी मांडीवर घेतली. समोरच्या खोलीचं शटरही तेव्हाच वर गेलं. एरंडवण्यातल्या कुणा सोसायटीचं कुटुंब होतं, आई, सून आणि कॉलेजातला नातू. त्यांचीही गौरींचीच खोकी. त्यांच्या खोलीत सामान छतापर्यंत होतं, नातवाला अर्धं बाहेर बोळात काढावं लागलं, आणि आमच्या वाटेत त्यांच्या दोन पेट्या ठेवून घेतल्या. दोन्ही आयांचं बोलणं सुरू झालं: तुमच्याकडे उभ्याच्या की बसलेल्या, नैवेद्याला आंबील असते का, घाटावरची पद्धत की आणखी कुठली. सून माझ्याकडे बघून म्हणाली, "आमच्याकडे यंदा आणूच नका म्हणत होते सगळे. भाड्याच्या घरात कुठे करणार. पण या ऐकेनात." मलाही तसंच वाटत होतं, हे मी तिला सांगितलं. भाड्याचं घर लहान आहे, आईचे गुडघे दुखतात, फराळाचे सगळे पदार्थ आता विकत मिळतात. एवढी यातायात कशासाठी, हा प्रश्न माझा अजूनही सुटलेला नाही. पण त्या बोळात, दोन्ही बाजूंच्या बंद शटरांमध्ये, दोन म्हाताऱ्या बायका आपापले मुखवटे एकमेकींना दाखवत होत्या, आणि ज्येष्ठेच्या नाकाची चमकी कुणी घडवली यावर बोलत होत्या. ते ऐकताना वाटेचं भाडं मला एकदाही जड वाटलं नाही.

आता बांधकाम पाचव्या मजल्यापर्यंत आलं आहे. नव्या फ्लॅटचे नकाशे मध्यंतरी सगळ्यांना वाटले. मोठं स्वयंपाकघर, दोन बाथरूम, कपडे वाळवायला वेगळी जागा, खिडक्यांना काचा. माळा कुठेच नाही. छताची उंची, फॉल्स सीलिंग, वातानुकूलन यंत्रांचे पाइप, अशी कारणं सांगितली गेली. सुंदर घर आहे, आणि त्यात परडी ठेवायला जागा नाही. म्हणजे छत्तीस महिने संपले तरी वारज्याची खोली सोडता येणार नाही, निम्मं सामान तिथेच राहील. आईला ते मान्य नाही. तिने कमिटीला पत्र लिहिलं, स्वतःच्या अक्षरात, वहीच्या दोन पानांवर: न्हाणीघराच्या वर स्लॅबचा माळा मिळावा, आत निदान दोन फूट खोल, दार सरकतं असावं म्हणजे स्टूलवर उभं राहून उघडताना तोल जाणार नाही. खाली सोसायटीतल्या बायकांच्या सह्या घेतल्या, भाड्याच्या घरांत विखुरलेल्या सगळ्याजणींना फोन करून, काहींकडे मला गाडीतून घेऊन जाऊन. निम्म्याहून जास्त सह्या झाल्या आहेत. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर पत्र आहे. आर्किटेक्टने उंची विचारली होती, ती आम्ही काल वारज्याला जाऊन मोजली: गौरीच्या कोठीची, चौरंगाची आणि मखराच्या सगळ्यात लांब खांबाची.